उसना हिवाळा

आमच्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या उजव्या अंगास मातीची एक कुंडी ठेविलेली आहे. तीत ओरसंग नदीची भरड वाळू आहे, पालापाचोळ्याचे खत आहे, चुन्याचे चार खडे आहेत. नाही ते फक्त झाड. येणारा-जाणारा सहज विचारतो, "कुंडी रिकामी का? गुलाब लावा, निदान सबजा तरी टाका." आम्ही हसून वेळ मारून नेतो. मात्र सणासुदीला अंगण सारविताना आमच्या सौ. ती कुंडी उचलून बाजूला ठेवितात आणि सारवण वाळले की पुन्हा जागच्या जागी आणून ठेवितात. त्या रिकाम्या कुंडीची हकिकत आज वाचकांस सांगावी असे योजिले आहे.

आम्ही डभोईचे. डभोई हे बडोद्याच्या दक्षिणपूर्वेस असलेले जुने तटबंदीचे गाव. त्याचे संस्कृत नाव दर्भावती. तेराव्या शतकातील वाघेला राजा वीसलदेव याचे नाव येथील कोटाशी जोडलेले आहे. पूर्वेची हिरा भागोळ आणि तिच्या अंगचे कालिकामातेचे कोरीव मंदिर पाहावयास अजूनही दुरून मंडळी येतात. १८६२ साली डभोई ते मियागाम हा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला तेव्हा गाडी ओढावयास बैल जुंपीत असत. पुढे इंजिने आली, फाटे फुटले आणि हे गाव त्या चिमुकल्या गाड्यांचे मोठे जंक्शन बनले. आमचे आजोबा त्याच गायकवाडी रेल्वेत नोकरीस लागून इकडे आले व इकडचेच झाले. तेव्हापासून आमच्या घरात कोंकणी बोलतात, मराठी वाचतात आणि बाजारात गुजराती चालते. तीन भाषांत कोठेही अडखळत नाही, याचा आम्हांस थोडासा अभिमानही होता.

या अभिमानाच्या मुळाशी एक समजूत होती. आपल्या लोकांनी काय काय म्हणून उचलून दुसरीकडे लाविले नाही? सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात मंदिरांवर घाला आला तेव्हा कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला, केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली आणि वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. रातोरात देव उचलून नेणाऱ्या त्या पूर्वजांनी नव्या जागी पुन्हा पूजा मांडली, पुन्हा समया लाविल्या. आज ती स्थाने पाहिली तर ती तेथे आदिकाळापासूनच असावीत असे वाटते. इकडे नर्मदाकाठीही तोच अनुभव. सावंतवाडीजवळच्या माणगावी १८५४ साली जन्मलेले श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंब्येस्वामी, १९१४ साली गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. नारेश्वरचे श्रीरंग अवधूत जन्मले गोध्र्यास, पण त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडील. कोंकणचा दत्त असा रेवाकाठी रुजला. जेथे देव रुजतात, संत रुजतात, माणसे रुजतात, तेथे झाडाची ती काय कथा, असे आम्ही समजून चाललो होतो.

वास्तविक आमच्याच घरात याच्या उलट दाखला होता. आमच्या वडिलांची आई, जिला सारे घर 'बाय' म्हणे, ती अंत्रुज महालातून लग्न होऊन डभोईस आली. तिला सुरंगीचे वेड. चैत्राच्या आगेमागे तिकडे सुरंगीचे वळेसार निघतात. तो वास ज्याच्या नाकात एकदा बसला त्याला दुसऱ्या फुलाचे कौतुक उरत नाही. माहेरी गेली की बाय सुरंगीच्या बिया आणी आणि मागच्या परसात पेरी. रोपे उगवत, दोन पावसाळे तग धरीत, आणि एखाद्या वैशाखात झळा लागून करपून जात. असे तीनदा झाले. चौथ्या खेपेस ती रिकाम्या हाताने आली. वडिलांनी कारण विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "झाडाकय आपलो गांव आसता." पुढे ती जन्मभर मोगऱ्याची वेणी घालून देवळात गेली. लहानपणी हे वाक्य आम्ही कितीदा तरी ऐकले होते. पण ऐकणे निराळे आणि उमजणे निराळे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मालागा शहरी राहतात. त्यांची मुलगी, आमची एकुलती नात, त्या वेळी नऊ वर्षांची होती. शाळेची सहल म्हणून तिला जवळच्या 'सिएरा दे लास निएव्हेस' नामक डोंगरात नेले होते. या नावाचा अर्थच मुळी 'हिमाची डोंगररांग'. तेथे तिने पिन्साप नावाचे झाड पाहिले आणि रविवारी दूरध्वनीच्या पडद्यावर आम्हांस त्याचे चित्र काढून दाखविले. खाली रुंद, वर निमुळते होत गेलेले, आपल्या देवळाच्या दीपमाळेसारखे. "आबा, हे डभोईला लावायचं," असा तिचा हुकूम झाला. "म्हणजे मी येईन तेव्हा मला तिथंही माझं झाड दिसेल." सुट्टीस ती दोन वर्षांनी एकदा येते. येथे येऊन तिने काय म्हणून 'माझे' म्हणावे, असा विचार आमच्याही मनात कधीचा घोळत होता. त्यामुळे तो हुकूम आम्ही शिरसावंद्य मानिला.

या झाडाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पिन्साप हा फरचा एक प्रकार. पुष्कळांना फर म्हणजे देवदारच वाटतो. पण देवदार निराळा. भूमध्य समुद्राभोवतालच्या डोंगरांत फरच्या काही थोड्या जाती आहेत: ग्रीसमध्ये एक, तुर्कस्तान व लेबाननच्या बाजूस एक, अल्जीरियात एक. सिसिली बेटावरील जातीची तर रानात वाढलेली मोठी झाडे अवघी तीसेक उरली आहेत. हिमयुग ओसरून हवा तापत गेली तसतशी ही झाडे थंडीच्या शोधात डोंगर चढत गेली आणि शेवटी माथ्यांवर अडकून राहिली, असे शास्त्रज्ञ मानतात. पिन्सापाची अरण्ये दक्षिण स्पेनमध्ये रोंदा शहराच्या आसपासच्या डोंगरांत उत्तरेकडील उतारांवर आहेत. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडते. १८३८ साली ब्वास्ये नामक वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून युरोपातील उद्यानांत शोभेसाठी तो हौसेने लाविला जाऊ लागला. त्याची आखूड, ताठ पाने डहाळीभोवती चहूबाजूंनी उभी राहतात, बाटली धुण्याच्या ब्रशासारखी. त्याची बोंडे फांदीवर खाली लोंबत नाहीत, मेणबत्तीसारखी उभी असतात. आणि पिकली की झाडावरच पाकळी पाकळी सुटून बिया वाऱ्यावर सोडून देतात.

हे सारे वाचीत असताना एक मौज कळली. आपल्या घरोघरी खोकल्यावर तालीसादि चूर्ण मधातून देतात. त्यातील तालीसपत्र म्हणून आयुर्वेदाच्या औषधकोशात जे झाड नोंदविलेले आहे, ते हिमालयातील फरच होय. पिन्सापाचे सख्खे नसले तरी चुलत भावंड खास. म्हणजे फरचे पान आमच्या फडताळात बाटलीत भरून कित्येक पिढ्या बसलेले होते! आम्ही उत्साहाने सौ.ना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "बाटलीत आहे म्हणजे वाळलेले आहे." या उद्गारातील इशारा तेव्हा आमच्या ध्यानी आला नाही.

तेथील डोंगर राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे झाडाखालचे बी उचलून आणणे मना आहे. तेव्हा बी विकत घेणे आले. शिवाय परदेशाहून पेरणीचे बी भारतात आणावयाचे तर २००३ च्या आदेशाप्रमाणे आधी परवाना काढावा लागतो आणि बियांबरोबर वनस्पती-आरोग्याचा दाखला असावा लागतो. परक्या बियांबरोबर परके रोग येऊ नयेत हा त्यामागचा हेतू. बडोद्याकडे रोपवाटिका चालविणाऱ्या एका स्नेह्यांनी हे सोपस्कार पार पाडले आणि २०२२ च्या नवरात्रात ४० बिया आमच्या हाती आल्या. त्रिकोणी, तपकिरी, प्रत्येकीला पातळ पंख. एक चिमटीत चुरडून पाहिली तर राळेचा उग्र सुगंध दरवळला. देवळात धूप पेटवावा तसा.

या बियांचा स्वभाव असा की त्यांना नुसती माती आणि पाणी देऊन भागत नाही. आत कोंब निजलेला असतो, आणि आपल्यावरून एक हिवाळा गेला अशी त्याची खात्री पटल्यावाचून तो जागा होत नाही. शरदात झाडावरून पडलेले बी लगेच उगवले तर बर्फात मरेल. म्हणून निसर्गाने त्याच्या दाराला ही कडी घातलेली. आता डभोईस हिवाळा कोठून आणावा? आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा क्वचितच १० अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा तो फ्रिजमधून उसना घ्यावयाचा. बिया एक रात्र पाण्यात भिजविल्या, ओलसर वाळूत कालवून डब्यात भरल्या आणि कोजागिरीच्या दिवशी डबा फ्रिजच्या खालच्या खणात, चार-पाच अंशांच्या थंडीत ठेविला. वरच्या खणात नैवेद्याचे दूध आणि लोणी. आमच्या सौ.ना हा शेजार पसंत नव्हता. "देवाच्या दुधाला राळेचा वास लागेल," असे त्यांचे म्हणणे. शेवटी डब्यावर दुसरा डबा चढला आणि तह झाला. दर रविवारी डबा उघडून बुरशी धरली आहे काय ते पाहावयाचे, वारा द्यावयाचा आणि नातीला दाखवावयाचे. ती विचारी, "आता तिथे किती बर्फ पडलं?" आम्ही सांगत असू, "फ्रिजभर."

आठ आठवडे झाले. ७ डिसेंबरला दत्तजयंती होती. तो दिवस पेरणीस धरिला. पिन्सापाचे डोंगर बहुतांशी चुनखडीचे. आमची जमीन काळी, कपाशीची, पाणी धरून ठेवणारी. म्हणून ओरसंगची वाळू आणविली, तीत पालापाचोळ्याचे खत मिसळले, जुन्या भिंतीच्या चुन्याचे खडे तळाशी घातले. बिया अर्धे पेर खोल पेरिल्या. मकरसंक्रांतीच्या आसपास पहिला कोंब दिसला. डोक्यावर बियांचे टरफल टोपीसारखे घेऊन तो वर आला आणि दोन दिवसांनी टोपी फेकून त्याने सहा हिरव्या सुया छत्रीसारख्या उघडल्या. त्या दिवशी आम्ही साठी उलटलेले गृहस्थ आहोत याचा आम्हांस विसर पडला. पुढील पंधरवड्यात ४० पैकी सहा रोपे उभी राहिली. फरच्या बियांत पोकळ बिया पुष्कळ असतात. त्या मानाने हा हिशोब काही वाईट नव्हता. नात तर पडद्यासमोर नाचलीच. सहांना तिने नावे ठेविली. ती नावे येथे देत नाही, कारण पुढील हकिकत सांगणे मग अधिकच जड जाईल.

दोन रोपे माघातच गेली. बुंध्याशी बारीक काळसर कड येते, रोप आडवे पडते आणि संपते. बुरशीचा हा प्रकार सर्व माळी जाणतात. होळीनंतर ऊन तापू लागले तेव्हा चार होती, गुढीपाडव्यास तीन. वाळ्याचे पडदे लाविले, कुंडीभोवती ओली गोणपाटे गुंडाळली. दुपारी तीनदा उठून पाणी शिंपडीत असू. अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यांतील आणखी दोन वाळली. उरलेले एक. आळीतील दत्तमंदिराच्या पुजारीबुवांना ही गोष्ट समजली तेव्हा ते आपण होऊन घरी आले. म्हणाले, "कुंडी देवळात आणा. गाभाऱ्यामागची ओवरी दगडी आहे, अभिषेकाचे पाणी तिथूनच वाहते. आमच्या सबंध गावात त्याहून थंड जागा नाही." तेव्हापासून ते इवलेसे रोप दत्तप्रभूंच्या पाठीशी बसून राहिले. वैशाखात पारा ४० च्या वर चढला, तरी ते हिरवे होते. पुजारीबुवा सकाळी अभिषेक आटोपला की त्याच्याकडे डोकावून जात. काही बायका तर गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालताना त्या कुंडीलाही हात लावून नमस्कार करू लागल्या. ते काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. देवळात आहे म्हणजे नमस्कारयोग्य आहे, एवढे त्यांना पुरे होते.

ग्रीष्मातून रोप वाचले म्हणून आम्ही निश्चिंत झालो, आणि तेथेच फसलो. मृग लागला, पाऊस आला, सगळीकडे हिरवे झाले, आणि ते रोप मात्र फिके पडू लागले. उन्हाने ते मारले नाही. मारले ते ऊबदार, दमट रात्रींनी. झाड दिवसा उन्हात अन्न कमावते आणि रात्री श्वास घेता घेता त्यातील काही खर्च करते. रात्र थंड असेल तर खर्च थोडा; रात्र उष्ण असेल तर खर्च वाढत जातो. दिवसाची सारी कमाई रात्रीच संपली तर शिल्लक काय राहणार? त्यात ओल्या, कोमट मातीत मुळे कुजू लागली. २०२३ साली अधिक श्रावण होता. त्या पुण्यमासात, रोज देवळात पारायणे चालू असताना, शेवटची सहा पाने तांबूस होऊन गळून पडली. पुजारीबुवांनी कुंडी घरी आणून दिली. काही बोलले नाहीत.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना आम्हांस लाज वाटते. पण ते वगळले तर या लेखाला अर्थ राहणार नाही. नातीला सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. दोन रविवार 'पाऊस फार आहे, देवळात जाता आले नाही' असे सांगून काढले. तिसऱ्या आठवड्यात आम्ही बडोद्यास जाऊन एका रोपवाटिकेतून अरौकारिया आणला. दूर प्रशांत महासागरातील बेटांचे हे झाड आपल्याकडे 'ख्रिसमस ट्री' म्हणून सर्रास विकतात; त्याला आपली उष्ण हवा मानवते. नऊ वर्षांच्या मुलीला पडद्यावर दोहोंतील भेद काय कळणार? आम्ही ते त्याच कुंडीत लाविले, पाने पुसली आणि छायाचित्र काढावयास बसलो.

सौ. ओसरीवर दूर्वा निवडीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "देवाक बावलें फूल एक वेळ चलतलें, फट चलची ना."

आम्ही बराच वेळ तसेच बसलो. मग अरौकारिया उपटला आणि शेजाऱ्यांच्या फाटकाशी नेऊन लाविला. तेथे तो आता चांगला वाढला आहे. त्याच्याविषयी आमची काही तक्रार नाही. तो खोटा नव्हता. खोटे आम्ही होतो.

त्या रविवारी नातीला सारे सांगितले. दोन रविवारच्या थापांसकट. तिने प्रथम काहीच म्हटले नाही. तिकडे पाठीमागे सूनबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग तिने विचारले, "आबा, ताका उकडलें?" आम्ही होय म्हणालो. ती पुन्हा गप्प झाली. आणि नंतर, आम्हांस मुळीच अपेक्षित नसलेला प्रश्न तिने विचारला: "तुमकांय हांगा आयल्यार तशेंच जातलें?"

येथे वाचकांस एक घरगुती गोष्ट सांगणे भाग आहे. चिरंजीव गेली काही वर्षे आम्हां उभयतांना कायमचे तिकडे येऊन राहण्याचा आग्रह करीत आहेत. सौ.ना मध्यंतरी हृदयाचे दुखणे होऊन गेले, तेव्हापासून तो आग्रह वाढला. त्यात त्यांचे प्रेम आहे, काळजी आहे. रात्री-अपरात्री दूरध्वनी वाजला की त्यांच्या छातीत काय होत असेल ते आम्ही जाणतो. आमच्यापाशी नकाराला सबळ कारण नव्हते. घर, देऊळ, आळी, रेवामाई ही कारणे मनात मोठी असतात आणि उच्चारताच लहान होतात. उलट आम्हीही त्यांना 'परत या' म्हणत होतोच. फक्त ते स्पष्ट न बोलता कुंडीत झाड लावून म्हणत होतो. नातीचे झाड येथे रुजले तर नातही थोडीशी येथे रुजेल, हा आमचा छुपा हिशोब होता. प्रेमाच्या माणसाला आपल्या हवेत आणून लावण्याचा उद्योग दोन्ही बाजूंनी चालला होता, आणि दोहोंकडेही समोरच्याला कोणता हिवाळा लागतो हे कोणी विचारीत नव्हते. ते विचारले नऊ वर्षांच्या पोरीने.

मग आमच्या देवांच्या स्थलांतराचाही आम्ही नव्याने विचार केला. श्रीमंगेश प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली, हे खरे. परंतु आली कोठून? जुवारी नदी ओलांडून, पलीकडच्या महालातून. पाऊस तोच, तांबडी माती तीच, माड-पोफळी त्याच, भाषाही तीच. शिवाय देवाबरोबर पुजारी आले, महाजन आले, वाजंत्री आले. नुसती मूर्ती उचलून आणिली नव्हती. तिच्याभोवतीचे अवघे ऋतुचक्र बरोबर आणिले होते. आमचे आजोबाही डभोईस रुजले ते अशाच शिदोरीवर: कुलदेवतेचा टाक, तीन भाषांपैकी दोन, आणि शेजारी चार आपली घरे. बायची सुरंगी मात्र एकटी आली होती. आमचे पिन्सापही एकटेच आले. त्याला आम्ही आठ आठवड्यांचा हिवाळा उसना आणून दिला; त्याला हवे होते जन्मभराचे हिवाळे. उसनवारीवर लग्न पार पडते, संसार होत नाही.

हे नातीला इतक्या शब्दांत सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "झाडाला चालता येत नाही, आम्हांला येते. आम्ही येऊ, पाहू, आणि उकडायला लागले की परत जाऊ." "थंडी वाजायला लागली की," तिने दुरुस्ती केली. आणि कुंडी टाकून द्यावयाची नाही, असे बजावले; ती येईल तेव्हा त्यात डभोईचेच काहीतरी स्वतःच्या हाताने लावणार आहे. कुंडी रिकामी राहिली आहे ती या कारणाने.

२०२४ च्या वैशाखात आम्ही उभयता तिकडे गेलो. इतर काही पाहण्याआधी चिरंजीवांनी आम्हांस रोंद्याच्या बाजूने त्या डोंगरात नेले. रात्री पायथ्याच्या गावी मुक्काम करून पहाटे वर गेलो. वळण संपले आणि ती झाडे दिसली. काळसर हिरवी, एकावर एक चढत गेलेल्या फांद्यांची, उतारावर ओळीने उभी. जणू काकडआरतीस लोक जमले आहेत आणि आरती अजून सुरू व्हावयाची आहे. आमच्या ओवरीत दोन बोटे उंचीवर जे संपले ते येथे देवळाच्या शिखराएवढे उभे होते. त्यासाठी कोणी पडदे लाविले नव्हते की पाणी शिंपडले नव्हते. सौ.नी बुंध्याला हात लावून नमस्कार केला. बरोबर आणण्यासारखे तेथे पुष्कळ पडले होते; आम्ही काही उचलले नाही.

वारा सुटला. डभोईच्या वैशाखातून आलेले आमचे अंग त्या गारठ्याला तयार नव्हते. दात वाजू लागले. झाडे मात्र खुशाल होती, आणि आमची नात नुसत्या फ्रॉकवर त्या बुंध्यांमधून धावत होती. आम्हांस कुडकुडताना पाहून ती परत आली, आईच्या पिशवीतून शाल काढली, आमच्या खांद्यांभोवती गुंडाळली, आणि आम्ही कुंडीची गोणपाटे जशी दाबून बसवीत असू तशी चारी बाजूंनी दाबून बसविली. मग थोडे मागे सरून, झाड नीट लागले की नाही हे पाहावे तसे तिने आमच्याकडे पाहिले.

"आबा," ती म्हणाली, "तुमकां हांगा कितले दीस रावंक जातलें?"

"आषाढीमेरेन," आम्ही म्हणालो.